दांडी नको, पेडल मारा!

रविवारी पहाटे पाचचा अलार्म? तेही लेक्चर नसताना, सबमिशन नसताना? ऐकूनच तुम्ही पांघरूण डोक्यावर ओढलं असणार. पण एखाद्या रविवारी उजाडायच्या आत मरीन ड्राइव्हवर जाऊन बघाच. लुकलुकणारे लाल दिवे एका रांगेत नरिमन पॉइंटकडे सरकताना दिसतील. डोक्यावर हेल्मेट, पाठीला सॅक आणि मध्येच 'खड्डाऽऽ' अशी आरोळी. हीच ती ग्रुप राइड!

फणसवाडी, ठाकूरद्वार, मुगभाट, खोताची वाडी... तुम्ही इथले असाल तर नशीबवान आहात. बोरिवली-ठाण्याची मंडळी अंधारात निघून तासन् तास पेडल मारत जिथवर येतात, तिथे आपण गल्लीतून बाहेर पडलं की काही मिनिटांत पोहोचतो. मरीन ड्राइव्हची सपाट साडेतीन किलोमीटर नवख्यांसाठी बेस्ट. पाय तयार झाले की वाळकेश्वरचा चढ चढून तीन बत्ती गाठायची. त्यातही मजा येईनाशी झाली, तर पेडर रोड, हाजी अली करत वरळी सी फेस आहेच.

क्रेझ शंभर वर्षांची

हे फॅड इन्स्टाग्रामने आणलं असं वाटत असेल, तर थोडं थांबा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले. कुठे? जगाच्या फेरीला! त्यातल्या अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पूर्ण केली. सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून ते मार्च १९२८ मध्ये परतले. सोबत ना गूगल मॅप्स, ना पॉवर बँक.

पुढे मुंबई-पुणे सायकल शर्यतीने बोरघाटात 'घाटाचा राजा' घडवले. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. तुम्हालाही मोठी उडी मारायची असेल तर 'ब्रेव्हे' आहेत. इथे पहिला नंबर कुणाचाच नसतो, फक्त वेळेत पोहोचायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. पण ते पुढचं पुढे. आधी चौपाटी!

ग्रुपमध्येच का?

मुंबईत सायकलला स्वतःची लेन नाही. मग दहा-बाराजणांची रांग हीच तुमची लेन. एकटी सायकल गाडीवाल्याला दिसतेच असं नाही, दिव्यांची रांग मात्र लांबून दिसते.

या रांगेचे नियम साधे आहेत. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे एक अनुभवी. मागच्याचं काम एकच, कुणालाही मागे राहू द्यायचं नाही. वेग ठरवतो तो ग्रुपमधला सगळ्यात हळू चालवणारा. वळताना हात दाखवायचा, थांबताना ओरडून सांगायचं, खड्डा किंवा गटाराची जाळी दिसली की मागच्याला इशारा करायचा. हेडफोन घरी! पुढच्याच्या मागे नीट अंतर ठेवून चालवलं, तर वारा तो अंगावर घेतो आणि तुमची दमछाक कमी होते. थोड्या वेळाने तुम्ही पुढे जायचं, म्हणजे त्याला आराम. गणपतीत वर्गणी सगळे काढतात ना, तसंच.

पंक्चर झालं तर सगळे थांबतात. टायर कसा उतरवायचा, ट्यूब कशी बदलायची हे यूट्यूबपेक्षा अशा वेळी फूटपाथवर उकिडवं बसून लवकर कळतं. आणि राइडनंतरची पेटपूजा? फणसवाडीच्या कोपऱ्यावर 'विनय'ची मिसळ किंवा मेट्रोजवळच्या, १९०४ पासूनच्या 'कयानी'त ब्रून मस्का आणि चहा. कॅलरींचा हिशोब तिथे कुणी काढत नाही.

आता सीरियस बोलू

२८ फेब्रुवारी २०२४. इंटेलच्या ३८६ आणि ४८६ प्रोसेसरवर काम केलेले अवतार सैनी पहाटे सोबत्यांबरोबर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सायकल चालवत होते. मागून आलेल्या टॅक्सीने धडक दिली आणि त्यात ते गेले. वय ६८. म्हणजे ग्रुप आहे, पहाट आहे, रस्ता मोकळा आहे, तरी भरवसा नाही. उलट मोकळ्या रस्त्यावर गाड्याही सुसाट असतात. ग्रुप तुम्हाला सोबत देतो, चिलखत नाही.

मग रस्ता कुणाचा? सी लिंकवर सायकलला बंदी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर बंदी, कोस्टल रोडवरही बंदी. बीकेसीत २०११ मध्ये १३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक झाला. त्यावर गाड्या पार्क झाल्या आणि शेवटी तो मोडीत निघाला. २०१७ च्या अखेरीस एनसीपीए ते वरळी असा सुमारे १२ किलोमीटरचा ट्रॅक आला, तोही फक्त रविवार सकाळपुरता. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी 'संडे स्ट्रीट' सुरू केलं. त्याचाही वार नावातच आहे. थोडक्यात, सायकल म्हणजे रविवारचा खेळ, असं शहराने ठरवून टाकलंय.

आणि आपणही ते मान्य केलंय! जरा नकाशा उघडा. विल्सन, झेवियर्स, सिडनहॅम, केसी, एल्फिन्स्टन... फणसवाडीपासून यातलं प्रत्येक कॉलेज साडेतीन-चार किलोमीटरच्या आत आहे. रविवारी वरळीपर्यंत जाऊन येणारा मुलगा सोमवारी त्याच अंतराच्या निम्म्यासाठी टॅक्सी शेअर करतो. का? ट्रॅफिक हे एक कारण. दुसरं म्हणजे, तिथे पोहोचल्यावर सायकल लावायची कुठे?

घरीही तोच प्रश्न आहे म्हणा. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर लाकडी जिन्यावरून सायकल खांद्यावर घेऊन चढणं हाच वॉर्मअप. सामाईक गॅलरीत ठेवली की शेजारच्या काकूंचा पदर पेडलमध्ये अडकणार. त्यावर उपाय सोपा, भिंतीत भक्कम खुंटी ठोकून ती टांगायची. काकूंना मात्र आधी विचारा!

सुरुवात करताय?

- महागडी सायकल नकोच. घरातली जुनी काढा, सर्व्हिसिंग करा किंवा सेकंडहँड घ्या.
- सीटची उंची तपासा. पेडल तळाला असताना टाच टेकली की पाय सरळ व्हायला हवा. गुडघे दुवा देतील.
- निघण्याआधी तीनच गोष्टी बघा : हवा, ब्रेक, चेन.
- हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लाल. कायदा सायकलला हेल्मेट मागत नाही, पण डोकं आपलं आहे.
- पाणी, जादा ट्यूब, छोटा पंप आणि घरच्यांचा नंबर सोबत असू द्या.
- पहिल्या राइडला दहा किलोमीटर भरपूर झाले. दमलात तर सांगा, लाजू नका.

चार राइड झाल्या, ग्रुप जमला की एक काम करा. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन सायकल स्टँड मागा. फार जागा लागत नाही, एका कारच्या जागेत दहा सायकली आरामात मावतात. एकट्याने विचारलंत तर 'बघू' असं उत्तर मिळेल. म्हणून दहाजण मिळून जा, आणि जाताना सायकलवरूनच जा.