गाव बदलले, पाळणा लांबवायची रीतही बदला



निर्वासित म्हटले की 1947 सालच्या फाळणीत घरदार सोडून आलेली माणसे आठवतात. पण गाव सुटण्याचे दुःख आपल्या भोर-वेल्ह्यालाही नवे नाही. भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांच्या पाण्याखाली कितीतरी गावठाणे गेली. कोणी डोंगराला वर सरकले, कोणी परतालुक्यात गेले. भांडीकुंडी, गुरे आणि देव बरोबर नेता आले. पण गावची सुईण आणि जाणत्या म्हाताऱ्या बऱ्याचदा दुसऱ्याच वस्तीला पडल्या. बायकांबरोबर आल्या त्या त्यांनी सांगितलेल्या रीती. पाली असो की धरणामुळे वसलेली नवी वस्ती, या रीती आजही घराघरात आहेत. त्यातल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या?

"अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत," हे खरे का?

खरे आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे. पाळी परत आलेली नसावी. आणि बाळ रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर हवे; वरचे दूध नाही, पाणीही नाही. बाळ वरचेवर चोखते म्हणून आईचे बीज तयार होणे थांबते. या तिन्ही अटी पाळल्या, तर शंभरात दोघींनाही दिवस जात नाहीत.

जुन्या गावी शेत घराजवळ होते. बांधावर झोळी बांधायची आणि बाळ रडले की पाजायचे. गाव सुटले, मजुरी आली. आई सकाळी कामावर जाते, बाळ घरी वरच्या दुधावर राहते. पाजणे कमी झाले की बीज पुन्हा तयार होऊ लागते. ते पाळी येण्याच्या आधीच तयार होते! म्हणून "पाळी आली नाही" अशा भरवशावर राहिलेल्या बाईलाही दिवस जातात. पहिले लेकरू अंगावर, दुसरे पोटात. आईचे रक्त कमी होते आणि दोन्ही लेकरे अशक्त राहतात. आजी खोटे बोलत नव्हती. तिच्या वेळचे जगणे आता राहिले नाही, इतकेच.

या रीती ठेवा: सव्वा महिन्याची विश्रांती, डिंक-मेथी-अळिवाचे लाडू, मायेने जवळ बसणारी जाणती बाई.

या रीती सोडा:
• पहिला चीक पिळून टाकणे. तो बाळाला तासाभराच्या आत पाजा.
• नाळेला राख, शेण किंवा हळद लावणे. त्याने धनुर्वात होतो. नाळ कोरडी ठेवा.
• बाळंतिणीचे पाणी तोडणे आणि कोंदट खोलीत शेगडीचा धूर करणे.
• नको असलेला गर्भ काडीने किंवा काढ्याने पाडणे. यात जीव जातो. 1971 च्या कायद्याने सरकारमान्य केंद्रात सुरक्षित गर्भपात करता येतो.

पाळणा कसा लांबवाल?

दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी साधने सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर सुरू करून दर तीन महिन्यांनी घ्यायचे. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. त्यात हार्मोन नसते, दूध कमी होत नाही. माला-एन गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नका.

आणि कारभारी, हे काम एकट्या बाईचे नव्हे. निरोध तुमच्या हातात आहे. कुटुंब पुरे झाले असेल, तर पुरुष नसबंदी बिनटाक्याची आणि सोपी आहे. त्यानंतर तीन महिने मात्र निरोध वापरा.

कोणते साधन घ्यायचे, हे नवरा-बायकोने मिळून ठरवावे. कोणाची सक्ती नाही. आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारा. बाळंतपण व्हायच्या आधीच विचारा, म्हणजे पुढची धावपळ वाचेल.