लहान तोंडी मोठा प्रश्न



आषाढातली सकाळ आहे असे समजा. बोईसरला लागून असलेल्या सरावली गावात एका खाचरात भाताची लावणी चालली आहे. आजी चिखलात वाकून रोपे लावते आहे आणि नऊ-दहा वर्षांचा नातू तिला रोपांच्या जुड्या आणून देतो आहे. तारापूरच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला बाप घरी झोपला आहे. पोरगा एकाएकी थांबतो आणि विचारतो, "आजी, सगळेच जर एक दिवस मरणार, तर एवढं राबायचं कशाला गं?"

आता आजीने काय म्हणावे? आपल्याकडची उत्तरे ठरलेली आहेत. "गप बस, सकाळी सकाळी अभद्र बोलू नकोस." "मोठा झालास म्हणजे कळेल." "आधी पाढे पाठ कर, मग शहाणपणा शिकव." यात कुणाचा वाईट हेतू नसतो. खरे म्हणजे तो प्रश्न ऐकून आपणच दचकलेले असतो. पण मुलाला यातून कळते ते एवढेच, की असले प्रश्न घरात विचारायचे नसतात. प्रश्न काही जात नाही. तो मनात राहतो आणि पोर तो एकट्याने वाहत राहते. खरी काळजी करायची ती या एकटेपणाची.

ही गोष्ट आजची नाही बरे का! कठोपनिषदातला नचिकेता आठवा. बाप दान करत होता, पण गाई देत होता त्या म्हाताऱ्या, भाकड. ते पाहून पोराने विचारले, "बाबा, मला कुणाला देणार?" एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप संतापून म्हणाला, "तुला मृत्यूला देतो!" पुढे नचिकेता यमाच्या दारी गेला आणि मेल्यावर माणसाचे काय होते ते विचारू लागला. तेव्हा यमसुद्धा आधी टाळाटाळच करतो. गुरे घे, हत्ती घे, राज्य घे, पण हे विचारू नकोस, म्हणतो. आपणही तेच करतो. यमाने हत्ती देऊ केले, आपण हातात मोबाईल देतो. पण नचिकेता हलला नाही, तेव्हा यम त्याच्यावर प्रसन्न झाला. तुझ्यासारखे विचारणारे आम्हांला आणखी मिळोत, असे म्हणाला. शिक्षकांनी हे वाक्य मनात ठेवण्यासारखे आहे.

मग करावे काय? यासाठी लांब जायला नको. बोईसरहून उत्तरेकडच्या गाडीत बसलात, की वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड लागते. त्या बाजूला बोर्डी आणि कोसबाड आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडीत मुले येत नाहीत असे दिसले, तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आदिवासी पोरे गुरे राखायला जात, तर शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल जिथे असेल तिथे मोठ्यांनी जायचे, ही त्यामागची समजूत.

विचारी मुलाच्या बाबतीतही हेच करायचे आहे. त्याचे मन ज्या कुरणावर भटकते आहे तिथे आपण जायचे. म्हणजे उत्तर देण्याची घाई न करता आधी विचारायचे, "आज हे कसं रे मनात आलं?" कारण प्रश्न एकच दिसला, तरी त्याच्या पोटात निरनिराळ्या गोष्टी असतात. कधी नुसते कुतूहल असते. कधी भीती असते. शेजारचे कुणी वारलेले असते आणि पोराला खरे विचारायचे असते ते, "आजी, तू मरशील का?" आणि कधी खरोखरच, जगायचे कशासाठी, हे कोडे पडलेले असते. कुतूहलाला माहिती पुरते, भीतीला जवळ घेणे लागते आणि कोड्याला सोबत लागते.

वयाचाही विचार करावा. गेलेले माणूस परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमगू लागते. अकरा-बारा वर्षांपासून मूल डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचा, न्याय-अन्यायाचा, जगण्याच्या हेतूचा विचार अधिक करू लागते. काहींना तो आधीच सुचतो. त्यात वेड नाही आणि अवलक्षणही नाही.

उत्तर देताना खोटे सांगू नये. "आजोबा झोपलेत," असे लहान मुलाला सांगितले, तर ते झोपायलाच भिते. "गावाला गेलेत," म्हटले, तर वाट पाहत बसते. "आजोबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते आता परत येणार नाहीत, मलाही त्यांची आठवण येते," असे साध्या शब्दांत सांगावे. घरातली श्रद्धा जरूर सांगावी, पण "आपल्या घरी असं मानतात," असे म्हणून सांगावी. आणि जे ठाऊक नाही, तिथे "मलाही ठाऊक नाही बाबा, आपण दोघं मिळून विचार करू," असे म्हणायला मास्तरांनीही लाजू नये. या वाक्याने मुलाचा विश्वास वाढतो.

दुसरी गोष्ट, मुलाच्या हाताला काहीतरी जपायला द्यावे. वासरू, परसातला वेल, धाकटे भावंड, काहीही. "कशासाठी" याचे उत्तर पुष्कळदा ऐकून पटत नाही. कुणाला तरी आपली गरज आहे, हे कळू लागले, म्हणजे मन थोडे स्थिरावते. आणि काही मुलांना बोलता येत नाही, त्यांना दुसरी वाट मोकळी ठेवावी. डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे 2018 साली वारले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. लहानपणी आईला अंतरल्यावर त्या धक्क्याने त्यांनी बोलणेच सोडले होते आणि ते मातीवर चित्रे काढून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. मूल रेघोट्या ओढत असेल, वहीत काही लिहीत असेल, तर ते हिसकावून पाहू नये. दाखवले तर शांतपणे पाहावे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी. नाव न घालता चिठ्ठी टाकू द्यावी आणि शनिवारी पंधरा मिनिटे त्यांतल्या एखाद्या प्रश्नावर मुलांनाच बोलू द्यावे. दोन पथ्ये पाळावीत. कुणाच्या प्रश्नावर हसू द्यायचे नाही आणि विचारी मुलाला "आमचे स्वामी", "म्हातारबुवा" अशी नावे ठेवायची नाहीत.

आता एक गंभीर गोष्ट. कधी कधी प्रश्न हा प्रश्न नसतो, ती हाक असते. मुलाचे खाणे-झोपणे बिघडले, खेळ आणि सोबती सुटले, दोन आठवडे उलटले तरी ते उदासच आहे, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं," असे बोलू लागले, तर थांबू नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे मायेने, पण सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मुलाला बोलायला जागा मिळते. त्याला एकटे सोडू नये. शेतीची औषधे कुलपात ठेवावीत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 सालापासून रात्रंदिवस चालू आहे आणि तो फुकट आहे. मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे. हे दोन्ही आकडे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

तेव्हा आपल्या आजीकडे परत येऊ. तिने कंबर सरळ केली, हात पाण्यात खळबळून घेतले आणि बांधावर बसून म्हणाली, "ये, बस इथं. मलाही तुझ्याएवढी असताना असंच वाटायचं. तुला काय वाटतं, सांग बघू." लावणी थोडा वेळ थांबली असेल. एवढी खोटी व्हायला हरकत नाही.