लहान राष्ट्राची शस्त्रसामग्री : फिनलंडचें उदाहरण

मोठीं राष्ट्रें आपल्या सैन्यासाठीं शस्त्रें निवडूं लागतात तेव्हां उत्तमांतलें उत्तम कोणतें, एवढाच प्रश्न बहुधा त्यांच्यापुढें असतो. लहान राष्ट्राचा प्रश्न निराळा असतो. तिजोरी लहान, कारखाने थोडे, माणसें मोजकीं. अशा स्थितींत जें परवडेल, जें आपल्या भूमीवर चालेल आणि मोडल्यास जें आपल्याच कारागिराला दुरुस्त करतां येईल, तेंच शस्त्र त्याच्या कामाचें. हा विचार कागदावर सोपा दिसतो. परंतु त्याची खरी कसोटी युद्धांतच लागते. १९३९-४० च्या हिवाळ्यांत फिनलंड देशांत ती जशी लागली, तशी फार थोड्या ठिकाणीं लागली असेल.

फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा, अरण्यें आणि सरोवरें यांनीं भरलेला देश. १८०९ पासून तो रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता व ६ डिसेंबर १९१७ रोजीं त्यानें आपलें स्वातंत्र्य जाहीर केलें. १९३९ सालीं त्याची लोकसंख्या अवघी ३७ लाखांच्या घरांत होती आणि रशियाशीं असलेली सरहद्द सुमारें १३०० किलोमीटर लांबीची होती. लेनिनग्राड शहराच्या संरक्षणासाठीं सोविएट सरकारनें सरहद्दीवरील कांहीं प्रदेश मागितला, वाटाघाटी फिसकटल्या, आणि ३० नोव्हेंबर १९३९ रोजीं सोविएट फौजा सरहद्द ओलांडून आंत शिरल्या. १३ मार्च १९४० पर्यंत, म्हणजे १०५ दिवस, हा संग्राम चालला. इतिहासांत त्याला हिवाळी युद्ध असें म्हणतात.

फिनिश शिपायाचें मुख्य शस्त्र म्हणजे त्याची रायफल. ती मुळांत शत्रूच्याच घरची होती. झारशाहीच्या वेळच्या मोसिन-नागांत जातीच्या हजारों रायफली स्वातंत्र्याच्या वेळीं फिनलंडच्या हातीं आल्या होत्या. नव्या रायफली विकत घेण्याइतका पैसा नव्हता. म्हणून फिनिश कारागिरांनीं जुन्या रायफलीचा गाभा तसाच ठेवून तिला अधिक चांगली नळी, नवा दस्ता आणि सुधारलेली नेमपट्टी बसविली. नागरिकांच्या संरक्षक दलानें याच कामासाठीं साको नांवाचा कारखाना चालविला होता. या रायफलीला रशियन काडतूस चालत असे, हा तिचा दुसरा मोठा गुण. रणांगणावर पडलेल्या शत्रूच्या कमरेचीं काडतुसें काढून घेतलीं कीं तीं लागलीच आपल्या कामीं येत.

अशाच एका रायफलीनें सिमो हाय्हा या शेतकऱ्यानें शंभराहूनहि कमी दिवसांत पांचशेंवर शत्रुसैनिक टिपल्याची नोंद आहे. त्यानें दुर्बिणीचा नेम वापरला नाहीं. दुर्बिणीला डोळा लावण्यासाठीं डोकें अधिक वर काढावें लागतें, थंडींत कांचेवर दंव धरतें आणि उन्हांत ती चकाकते. त्यापेक्षां साधी लोखंडी माशी बरी, असा त्याचा अनुभव. ६ मार्च १९४० रोजीं त्याच्या जबड्याला गोळी लागून तो भयंकर जखमी झाला. परंतु त्यांतून तो वांचला व २००२ पर्यंत जगला.

दुसरें नामांकित शस्त्र म्हणजे सुओमी नांवाची हातबंदूक. चाप दाबून धरला कीं पिस्तुलाच्या गोळ्यांचा वर्षाव करणारी ही बंदूक १९३१ सालीं सैन्यांत दाखल झाली. तिचा निर्माता आइमो लाह्ती हा इंजिनियर नव्हता. थोडें शालेय शिक्षण घेऊन सैन्यांतील शस्त्रदुरुस्तीच्या कामांत तयार झालेला तो कारागीर होता. तिच्या गोल डबींत ७० गोळ्या मावत. मोकळ्या मैदानावर अशी बंदूक फारशी उपयोगी नाहीं, कारण तिचा पल्ला आंखूड; परंतु घनदाट अरण्यांत शत्रु दिसतो तोच मुळीं शंभर पावलांच्या आंत. तेथें एका सुओमीवाल्याची किंमत अनेक रायफलवाल्यांइतकी ठरे. युद्धारंभीं अशा बंदुका सगळ्या सैन्यांत मिळून चार हजारांच्या आसपासच होत्या. त्यांची धास्ती किती बसली होती याचा पुरावा असा कीं, पुढें सोविएट कारखान्यांनीं आपल्या हातबंदुकांसाठीं गोळ्यांची गोल डबी जवळजवळ तशाच बनावटीची केली.

आतां उणिवेची बाजू. सोविएट सैन्यानें या मोहिमेंत दोन हजारांहून अधिक रणगाडे आणले. त्यांना भेदणाऱ्या, स्वीडनच्या बोफोर्स नमुन्याच्या ३७ मिलिमीटर तोफा फिनलंडजवळ आरंभीं शंभराच्या आसपास होत्या. स्वतःचे रणगाडे म्हणाल तर पहिल्या महायुद्धाच्या वेळचे रेनो रणगाडे होते; ते इतके जुनाट झाले होते कीं बहुतेक जमिनींत पुरून त्यांचे बुरूज करण्यांत आले. ब्रिटनकडून विकर्स रणगाडे मागविले होते, परंतु पैसा वांचावा म्हणून ते तोफांवांचून घेतले होते. तोफा मागाहून बसवावयाच्या होत्या. ते काम पुरें होण्यापूर्वींच युद्ध येऊन ठेपलें. २६ फेब्रुवारी १९४० रोजीं होंकानिएमि येथें त्यांची एक लहानशी तुकडी प्रथमच लढाईंत उतरली आणि तिचे बहुतेक रणगाडे नष्ट झाले.

तोफा नव्हत्या म्हणून बाटल्या पुढें आल्या. पेट्रोल, डांबर वगैरे ज्वलनशील मिश्रणानें भरलेली बाटली पेटवून रणगाड्याच्या मागील इंजिनावर फेंकावयाची, ही युक्ति त्यापूर्वीं स्पेनच्या यादवी युद्धांत निघालेली होती. फिनलंडनें तिला नांव दिलें. सोविएट परराष्ट्रमंत्री मोलोटॉव्ह यांनीं आपलीं विमानें बॉम्ब टाकीत नसून भुकेल्या फिनिश जनतेस अन्न पुरवीत आहेत, असें जाहीर केलें होतें. तेव्हां फिनिश लोकांनीं त्या बॉम्बांना मोलोटॉव्हची भाकरीची टोपली म्हटलें, आणि भाकरीबरोबर पेय हवें म्हणून बाटलीला मोलोटॉव्ह कॉकटेल. राजामाकी येथील सरकारी मद्याच्या कारखान्यांत अशा साडेचार लाखांहून अधिक बाटल्या भरल्या गेल्या. विनोद खरा, परंतु ही बाटली फेंकण्यासाठीं शिपायाला धडधडत येणाऱ्या रणगाड्याच्या कांहीं पावलांवर जावें लागे, आणि जे गेले त्यांतले कितीतरी परत आले नाहींत. त्या बाटलीचें मोल पैशांत थोडें होतें, माणसांत फार होतें.

वाहनांची हकीकत अशीच बोधप्रद आहे. मोटारलॉऱ्या फिनिश सैन्यापाशीं थोड्या, व त्याहि बऱ्याचशा लोकांकडून घेतलेल्या. परंतु त्या हिवाळ्यांत पारा शून्याखालीं ४० अंशांपर्यंत उतरला आणि मांडीभर बर्फांत रस्त्याबाहेर लॉरी चालेना. फिनिश शिपाई स्कीवर चाले. स्की म्हणजे टोंकाशीं वर वळविलेल्या लांब, अरुंद लांकडी पट्ट्या. त्या पायांत अडकवून माणूस बर्फावरून घसरत वेगानें जातो. तेथील मुलें चालूं लागल्याबरोबर स्कीवर उभीं राहतात, तेव्हां ही विद्या शिपायास निराळी शिकवावी लागली नाहीं. बुटाचें टोंकहि वर वळलेलें असे. तें पट्ट्याखालीं सरकविलें कीं झालें, व गोळीबार होतांच क्षणांत पाय मोकळा करतां येई.

सामान नेण्यासाठीं आह्किओ नांवाची, होडीच्या आकाराची चपटी घसरगाडी होती. दोन-तीन माणसें स्कीवरून ती ओढीत. जातांना तींतून मशीनगन, काडतुसें, तंबू व शेगडी जाई. येतांना जखमी शिपाई येई. तिच्या मागें शेतकऱ्यांचे हजारों घोडे बर्फगाड्या ओढीत. एकेका तंबूंत लांकडाची शेगडी पेटवून वीसएक माणसें ऊब घेत निजत. अंगावर पांढरा झगा असल्यामुळें बर्फांत माणूस दिसत नसे. असले झगे कित्येक घरांतून बायकांनीं शिवून दिले होते.

या साध्या साधनांचें सामर्थ्य राते या खेड्याच्या रस्त्यावर दिसून आलें. जानेवारी १९४० च्या पहिल्या आठवड्यांत सोविएट सैन्याची ४४ वी डिव्हिजन त्या एकाच अरुंद रस्त्यावर मैलोन्मैल पसरली होती. तिच्याजवळ रणगाडे, तोफा, लॉऱ्या सर्व कांहीं होतें. परंतु रस्ता सोडून पाऊल टाकतां येत नव्हतें, आणि थंडींत इंजिनें गोठूं नयेत म्हणून तीं चालूं ठेवण्यांत पेट्रोल जळून जात होतें. स्कीवरील फिनिश तुकड्यांनीं अरण्यांतून येऊन त्या लांबलचक रांगेचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा वेढून नष्ट केला. अशा वेढलेल्या तुकड्यास ते मोत्ती म्हणत. जळाऊ लांकडाच्या मोजून रचलेल्या ढिगाऱ्याचें तें नांव आहे. या लढाईंत ४० हून अधिक रणगाडे, सत्तरएक तोफा, अडीचशेंहून अधिक लॉऱ्या आणि हजारांवर घोडे फिनिश सैन्याच्या हातीं लागले. दुरुस्त होण्याजोगे रणगाडे वार्काउस येथील कारखान्यांत नेऊन, त्यांवर नवा रंग व नवें चिन्ह चढवून, पुढें फिनिश सैन्यांत दाखल करण्यांत आले.

हवाई दलाची स्थिति तशीच तोकडी. लढाऊ विमानांत मुख्य म्हणजे हॉलंडच्या नमुन्याचीं ३६ फोकर विमानें. त्यांचीं चाकें हलत्या यंत्रणेचीं नसून पक्कीं बसविलेलीं होतीं, म्हणून वेग कमी. परंतु त्याच कारणानें चाकांच्या जागीं स्की बसविणें सोपें झालें व गोठलेलें सरोवर हेंच विमानतळ झालें. ६ जानेवारी १९४० रोजीं योर्मा सार्वांतो या वैमानिकानें अशाच एका विमानांतून चार-पांच मिनिटांत सहा बॉम्बफेकी विमानें पाडलीं.

हे पराक्रम ऐकून लहान राष्ट्रास युक्ति व धैर्य एवढ्यावर भागतें, असा समज होण्याचा संभव आहे. तो खोटा आहे. युद्धारंभीं फिनलंडजवळ बंदुकांचीं काडतुसें सुमारें दोन महिन्यांचीं आणि हलक्या तोफांचे गोळे तीन आठवड्यांचे होते. संरक्षण मंडळाचे अध्यक्ष मार्शल मॅनरहाइम हे कित्येक वर्षें अधिक द्रव्य मागत होते. सरकार तें नाकारीत किंवा कापीत होतें. युद्धापूर्वीं चारच महिने, ऑगस्ट १९३९ मध्यें, पंतप्रधान कायांदर यांनीं कोठारांत कुजत पडणाऱ्या लष्करी सामानावर आपण पैसा घातला नाहीं याबद्दल जाहीर समाधान व्यक्त केलें. शेतें, शाळा आणि रस्ते यांवर तो पैसा खर्चावा ही त्यांची इच्छा वाईट होती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु हिवाळा आला तेव्हां हजारों शिपायांना गणवेष मिळाला नाहीं. घरचा कोट, वर एक कमरपट्टा आणि टोपीला राष्ट्रीय चिन्ह, एवढ्यावर ते आघाडीवर गेले. त्या वेषाला शिपायांनीं ‘कायांदर नमुना’ असें नांव ठेवलें.

फेब्रुवारींत सोविएट सैन्यानें चुका सुधारल्या. ११ तारखेस सुम्मा येथें तोफांचा प्रचंड भडिमार करून त्यानें फिनिश तटबंदी फोडली. फिनिश तोफखान्यास गोळे मोजून वापरावे लागत होते. अशा स्थितींत त्यास तोडीस तोड उत्तर देणें शक्य नव्हतें. १२ मार्चच्या तहान्वयें फिनलंडचा सुमारें एक-दशांश प्रदेश गेला, व्हीपुरी शहर गेलें, आणि चार लाखांहून अधिक लोकांना घरेंदारें सोडावीं लागलीं. पंचवीस हजारांवर फिनिश माणसें मेलीं. रशियांत मागाहून प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें त्या पक्षाचे सव्वा लाखाहून अधिक मेले. देश मात्र स्वतंत्र राहिला.

हा धडा फिनलंड विसरला नाहीं. १९४७ च्या पॅरिस तहानें त्याचें भूसैन्य ३४,४०० माणसांवर व विमानें ६० वर बांधलीं गेलीं. तरी सक्तीचें लष्करी शिक्षण चालूं राहिलें व प्रत्येक पिढी रायफल चालवावयास शिकली. १९८० च्या दशकांत सिसू या लॉऱ्यांच्या कारखान्यानें सहा चाकांची पासी ही चिलखती गाडी बांधली. तिच्या पुढील पिढीची पॅट्रिया गाडी आज पोलंडसारख्या देशांतहि वापरली जाते. २०२१ च्या डिसेंबरांत ६४ एफ-३५ विमानें घेण्याचें ठरलें, व ४ एप्रिल २०२३ रोजीं फिनलंड नाटो संघटनेंत सामील झाला. परंतु १९४० ची आठवण या नव्या विमानांहून अधिक आणखी दोन गोष्टींत दिसते. त्याचा तोफखाना पश्चिम युरोपांतील सर्वांत मोठ्या तोफखान्यांपैकीं एक आहे, आणि लापुआ येथील काडतुसांचा जुना कारखाना अजून चालूं आहे. ज्यांना एकदां गोळे मोजावे लागले, त्यांनीं कोठारें रिकामीं ठेवलीं नाहींत.