नाण्यांची भ्रमंती : लेखांक ७ – हरणाची अधेली

मॉरिशसच्या नाण्यांचा ढीग समोर आला की माझा हात आधी अर्ध्या रुपयावर जातो. बाकी देशांची नाणी वर्षावार जमवावीत. मॉरिशसची सुरुवात या एकाच नाण्यापासून करावी.

मुळात त्या बेटावर रुपया आला कसा? फ्रेंचांकडून १८१० मध्ये बेट घेतलं इंग्रजांनी, म्हणजे पौंड-शिलिंग यायला हवे होते. पण १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. बिहारचे, तमिळ मुलखातले, आपल्या कोकणातलेही. सुरुवातीच्या करारांत मजुरी महिना पाच रुपये. मजुरांच्या मागोमाग रुपया गेला, आणि १८७७ पासून तो बेटाचा अधिकृत पैसा झाला. गंमत अशी, की रुपयाचे आणे मात्र गेले नाहीत. शंभर सेंटचा रुपया! आपल्याकडे दशमान नाणी १९५७ मध्ये आली. म्हणजे मॉरिशसनंतर ऐंशी वर्षांनी.

सेंट तिथले, पण रुपया आपलाच, असा संसार १९३४ पर्यंत चालला. त्या वर्षी मॉरिशसनं स्वतःचा रुपया पाडला, सोबत अर्धा आणि पाव. हिशेब शंभराचा, मोड मात्र अधेली-पावलीची. जुनी सवय अशी नाण्यावर उतरते.

अर्ध्या रुपयावर आहे शिंगं मिरवणारं हरीण. ते बेटाचं मूळचं नव्हेच. डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणलं. आता नाणं उलटा. पाचव्या जॉर्जनंतर सहावा जॉर्ज येतो, आणि इथे भिंग काढावं. १९४६ च्या नाण्यावर तो 'किंग एम्परर' आहे. १९५० च्या नाण्यावर नुसता 'किंग'. मधे हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि सम्राटपद गेलं. १९३४ च्या नाण्यात चांदी भरपूर, १९४६ मध्ये निम्मी, १९५० मध्ये तांबं-निकेल.

पुढे एलिझाबेथ. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी ती नाण्यांवर राहिली. १९८७ मध्ये तिच्या जागी पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आले. प्रजासत्ताक व्हायला तेव्हा पाच वर्षं बाकी होती. त्याच फेरीत पावली गेली, वीस सेंट आले. अधेली टिकली, आणि तिच्यावरचं हरीणही.

चांदीची अधेली मिळाली तर घासू नका. माझी १९३४ ची मी उत्साहाच्या भरात दंतमंजनानं लखलखीत केली होती. हरणाच्या पाठीवरचे केस तेव्हाच गेले. दुकानदारानं भिंगाशिवायच ओळखलं.

पुढच्या आठवड्यात मॉरिशसचंच, पण फ्रेंच अंमलातलं १८१० चं दहा लिव्रचं नाणं. पकडलेल्या जहाजावरच्या चांदीचं.