हप्त्याचा हिशेब

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे दिवेलागणीला एका सुरात म्हणणारी मुले आता राहिली नाहीत, याबद्दल हळहळण्याची वडीलधाऱ्या मंडळींना मोठी हौस असते. परंतु ज्या बाजारात सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर चालत असे त्याच्याच गरजेतून ते पाढे जन्मास आले होते, आणि १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले व पाठोपाठ शेराची जागा किलोग्रॅमने घेतली, तेव्हाच त्यांची चाकरी संपली, हे ध्यानात घेतले म्हणजे मुलांना बोल लावण्याचा उत्साह पुष्कळसा ओसरतो.

चिंतेचे कारण निराळे आहे. २०२३ साली ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागावयास दिले, तेव्हा ते शेकडा ४३ जणांनाच साधले. आणि ज्यांना निदान वजाबाकी येत होती त्यांच्यातही सवलतीनंतरची किंमत काढणारे सुमारे ३७ टक्के, तर कर्जाची परतफेड किती होईल हे सांगणारे जेमतेम १० टक्के निघाले. भागाकार यंत्र करील, हा आक्षेप रास्तच आहे. पण यंत्रास विचारावे काय?

समजा, बारा हजारांचे कर्ज एका वर्षाच्या मुदतीने ‘फ्लॅट बारा टक्के’ दराने मिळाले. व्याज १,४४० रुपये, एकूण देणे १३,४४०, हप्ता दरमहा १,१२० रुपयांचा. सारे कसे चोख दिसते. मात्र पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल उतरू लागते, ऋणकोच्या हाती वर्षभरात सरासरीने साडेसहा हजारच राहतात, आणि व्याजाची आकारणी तर अखेरपर्यंत पुऱ्या बारा हजारांवर होत असते. साडेसहा हजारांवर १,४४० म्हणजे तोंडी अदमासाने शेकडा बावीस. उतरत्या बाकीचे काटेकोर गणित केले तर साडेएकवीसच्या आसपास. एवढा अदमास ज्याला बांधता येतो, त्याच्यापुढे ‘बारा’ हा आकडा निमूटपणे उभा राहत नाही.

पूर्वीची पिढी या बाबतीत शहाणी होती, असे समजण्याचेही कारण नाही. रोजकीर्द आणि खतावणी सावकाराच्या हाती, आणि रयतेच्या हाती केवळ अंगठा. म्हणूनच मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठलेल्या शेतकऱ्यांनी सावकाराच्या घरातील इतर चीजवस्तूंपेक्षा कर्जखतेच हुडकून जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशास कर्जखताच्या पाठीमागील जुना हिशेब तपासण्याची मुभा दिली आणि ऋणकोस पावती व दरसालचा खातेउतारा मागण्याचा हक्क मिळवून दिला.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदतकर्जासोबत जे माहितीपत्रक देणे सक्तीचे केले, ते याच जातीचे आहे. त्यात शुल्कासकट खरा वार्षिक दर एका आकड्यात नमूद करावा लागतो. असे एखादे पत्रक नववी-दहावीच्या गणिताच्या तासाला मुलांपुढे ठेवून तो आकडा हप्त्यांवरून पडताळून पाहावयास सांगण्यास, आणि परीक्षेत सरळव्याजाच्या नेहमीच्या उदाहरणाऐवजी उतरत्या बाकीचे एक उदाहरण घालण्यास, कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.