राळेगावहून आलेला मिलिमीटरभर तुकडा

राळेगावातल्या एखाद्याला महिनोन्‌महिने आव पडते, शौचातून रक्त जातं, वजन उतरत राहतं. आधी जंताची गोळी होते, मग अँटिबायोटिक. तरीही थांबलं नाही, की यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम किंवा थेट नागपूर. तिथे दुर्बीण आतड्यात सरकते आणि तिचा बारीक चिमटा अस्तराचे काही मिलिमीटरभर तुकडे खुडतो. पुढचं काम प्रयोगशाळेचं.

तुकडे फॉर्मॅलिनमध्ये मुरतात, अल्कोहोल त्यातलं पाणी काढून घेतं, मग त्यात मेण जिरवतात. मेणाच्या ठोकळ्यावरून मायक्रोटोमचं पातं फिरतं आणि तीन-चार मायक्रॉन जाडीची फीत निघते. तंत्रज्ञ ती कोमट पाण्यावर सोडतो आणि काचपट्टीवर अलगद उचलतो. हात जरा चुकला तर सुरकुती पडते आणि नेमका हवा तो भाग वाचता येत नाही. रिपोर्टवर या हाताचं नाव नसतं, असायला हवं.

रंग चढवल्यावर पेशींची केंद्रकं निळी दिसतात, बाकीचं गुलाबी. निरोगी अस्तरात पेशींची एकेरी रांग असते. त्या खालच्या खळग्यांत जन्मतात, वर सरकतात आणि तीन ते पाच दिवसांत गळून पडतात. इथे मरण रोजचंच. पॅथॉलॉजिस्ट पाहतात ते मरणाची जागा आणि वेग: खळग्याच्या तळाशीच आक्रसलेल्या केंद्रकांचे गडद तुकडे, भिंतीत घुसलेल्या न्यूट्रोफिल पेशी, आत साचलेला पू.

हे घडवणाऱ्या पेशी शरीराच्या रक्षणासाठीच तिथे असतात. अस्तराखालच्या मॅक्रोफेज आणि टी-पेशी टीएनएफ नावाचं संदेशवाहक प्रथिन सोडतात. एरवी अस्तराची पेशी तो संदेश पचवून जगते. दाह फार वाढला, की तिच्या आतलं कॅस्पेज-8 हे विकर जागं होतं आणि ती आवरून मरते, फारसा गाजावाजा न करता. कॅस्पेज-8 कमी पडलं तर दुसरी वाट उघडते: पेशीचं आवरण भोकं पडून फुटतं, आतला ऐवज बाहेर सांडतो, त्याने आणखी रक्षक पेशी चेतवल्या जातात आणि दाह स्वतःलाच पोसू लागतो. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी 2011 मध्ये उंदरांत हे दाखवलं. अस्तरातून कॅस्पेज-8 काढल्यावर जंतुनाशक प्रथिनं बनवणाऱ्या पॅनेथ पेशी अशाच मेल्या आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आली. याच रक्षकांपैकी काही पेशी मात्र इंटरल्युकिन-22 सोडून अस्तर पुन्हा उभं करायला मदत करतात.

मग टीएनएफलाच अडवावं? इन्फ्लिक्सिमॅब हे औषध तेच करतं. 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. पण क्षयाच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवायलाही टीएनएफच लागतं. 2001 मध्ये हे औषध घेणाऱ्यांत क्षय उफाळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. घरोघरी क्षयाची ओळख असलेल्या आपल्याकडे ही धास्ती खरी आहे.

त्यात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही बहुधा लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशीच ठाण मांडतात. गाठीच्या मधोमध पनीरासारखा मृत भाग दिसला तर क्षयाकडे बोट जातं. गाठी लहान, विरळ असतील तर क्रोन्सकडे. पुष्कळदा काचपट्टी स्पष्ट बोलत नाही, क्षयाचे जंतूही रंगात सापडत नाहीत. अशा वेळी डॉक्टर आधी क्षयाची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. व्रण भरले असतील तर तोच कोर्स पूर्ण करायचा. नसतील तर क्रोन्सच्या उपचाराकडे वळायचं.