चित्रं काढून पोट भरतं का, साहेब?

आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही शिवारात फिरतो तेव्हा सभासद बंधू उसाबरोबर घरच्याही गोष्टी काढतात. मागच्या महिन्यात एका सभासदांनी बांधावर थांबवून विचारले, "साहेब, पोरगी बारावीला आहे. चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन संगणकावर हलती चित्रं करायला शिकायचं म्हणते. यानं पोट भरतं का? उसाचं बिल त्यात घालू का?"

खताचा हप्ता विचारला असता तर उत्तर तोंडपाठ होते. इथे आम्ही गप्प झालो. कारण असे की, पूर्वी अशाच एका पोराला आम्ही ठासून सांगितले होते, "चित्रं सोड, शेतीची पदविका कर." पदविका अर्धवट राहिली. तो पाट्या रंगवू लागला, झकास रंगवायचा, पण फ्लेक्स आले आणि तेही काम गेले. तो सल्ला आम्हाला अजून टोचतो.

या वेळी जरा विचार केला, आणि आठवले ते आपल्याच जिल्ह्यातले दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम, सगळ्यांत हात घातला. पुढे फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालवला. लोकांना वाटले असेल, याचे काही धड नाही! पण १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर हे सारे एकदम कामी आले. भांडवल देणाऱ्यांना पटावे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण करून अंकुराचा वेल होताना मिनिटभरात दाखवला. तो पाहून पैसा उभा राहिला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. नंतर त्यांनी नाशिकलाच चित्रपटांचा कारखाना थाटला. पैसा मात्र हाती टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४४ साली नाशिकलाच ते हलाखीत वारले.

म्हणून त्या सभासदांना आम्ही एवढेच सांगितले. सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलते. हाताचे रेखाटन, उजेड-सावलीची समज आणि गोष्ट सांगण्याची हातोटी उरते. हे शिकवणारे कॉलेज बघा. कला शाखेच्या चार वर्षांच्या पदवीला राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी आत्तापासून करू द्या. जे. जे. ला तर २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणारा क्लास असेल तर जपून. बेणे घेताना आपण प्लॉट बघितल्याशिवाय पैसे देतो का? तसेच इथे. मुलांनी स्वतः केलेले काम दाखवा म्हणावे. यंत्रे मुलांच्या हाती किती वेळ येतात ते विचारावे. मागच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून, आता काय करता, पगार किती, हे सरळ विचारावे. अन् हिशेब, बिल, करारमदार थोडे तरी शिकवतात का, हेही. फाळक्यांचे तिथेच अडले होते.

परवा बापलेक नाशिकला दोन ठिकाणी जाऊन आली. एका ठिकाणी मुलांचे काम दाखवायला कोणी तयार होईना. "तिथं नको म्हणाली पोरगीच," असे ते सांगत होते. फीचा आकडा दुसरीकडेही लहान नाही. त्यासाठी खोडव्याचे बिल राखून ठेवायचे की बँकेचे शैक्षणिक कर्ज काढायचे, यावर त्यांच्या घरी अजून बोलणे चालू आहे.